पिशवीबाई

त्यांना पिशवीबाई हे नाव मी ठेवलं. कौतुकानं नाही, चिडून. ते इस्पितळभर पसरलं. लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. मग एक दिवस खुद्द बाईंनीच फोन उचलून "हं, पिशवीबाई बोलतेय" असं म्हटलं आणि माझ्या सुडातली हवाच गेली. ज्याला चिडवायचं तोच खुशीत नाव सांगत सुटला, तर चिडवणाऱ्यानं जायचं कुठे?

मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डची सिस्टर. सोळा खाटा, चार नर्सा, आणि एक चाकाची खुर्ची जी फक्त डावीकडे वळते. बाई आमच्या खालच्या मजल्यावर केमोची औषधं तयार करायच्या. खोली एवढीशी. काचेचं कपाट, त्यात हवेचा झोत, समोर बसलेल्या बाई. हातात दोन-दोन मोजे, तोंडावर मास्क, आणि मास्कच्या वर दोन डोळे, ज्यांना कुणाचीच भीड नव्हती. काम चालू असताना त्या बोलायच्या नाहीत. बाहेरून कुणी कितीही खिडकी ठोठावली तरी हातातली बाटली संपेपर्यंत मान वर करायच्या नाहीत. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या. पण जिन्यात समोरून आल्या की मीच बाजूला सरकायची.

तीन वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या इस्पितळातून आमच्याकडे आल्या. आल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी वर आलेल्या ट्रेमध्ये व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये नव्हतं, सलाईनच्या छोट्या पिशवीत होतं. आता यात रागावण्यासारखं काय, असं वाटेल. तर ऐका. व्हिन्क्रिस्टीन हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध. शिरेत गेलं तर गुणी, शिरेबाहेर सांडलं तर मांस भाजून काढतं. सिरिंजमधून एका मिनिटात देऊन मोकळं होता येतं. पिशवी टांगली की ती संपेपर्यंत मुलाच्या शिरेवर डोळा ठेवून बसावं लागतं. सात मिनिटं. गुरुवारी अशी नऊ मुलं असायची. नऊ साते त्रेसष्ट. मी तरातरा खाली गेले.

"बाई, हे काय पाठवलंत?"

"औषध."

"ते दिसतंय मला. पिशवीत का?"

"सिरिंजमध्ये देत नाही मी."

"देत नाही म्हणजे? इथली पद्धत आहे ती."

"होती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काच सरकवून खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी वर येताना मी जिन्यातच नाव ठेवलं.

पुढे आमचं जमलं, ते सासूंमुळे. बाईंच्या सासूबाई पडल्या, पायाला टाके पडले, आणि ड्रेसिंगला घरी कोण येईल असं बाईंनी विचारल्यावर मी बोलून बसले, "मी येते." तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे आणि त्यांत हरवलेले बाईंचे शिंपी यजमान. गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली सदाफुली, जांभळी आणि पांढरी. सासूबाईंना मधुमेह होता. त्या रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावून खायच्या, आणि रोज सकाळी त्यावरून घरात महाभारत व्हायचं.

"सासूबाई, त्या पानांत विष आहे हो!"

"विष असतं तर पंधरा वर्षं जगले असते का मी? की माझं जगणंच खुपतंय तुला?"

"मी दिवसभर तेच औषध हाताळते. दोन-दोन मोजे घालते!"

"मग मोजे घालून खात जाऊ का?"

यजमान शिवणयंत्र जोरात चालवायला लागायचे. एवढ्या वर्षांत त्यांना सापडलेला हा एकच तोडगा.

व्हिन्क्रिस्टीन या सदाफुलीच्याच पानांतून निघतं, हे मला वॉर्डमध्ये वीस वर्षं काढूनही धड माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं. मजा म्हणजे संशोधकही सासूबाईंच्याच वाटेनं गेले होते. कुठेकुठे लोक हा पाला मधुमेहावर खातात, म्हणून त्यांनी तपासायला घेतला. साखर काही उतरली नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हे वापरून पाहावं. ढीगभर पानं वाळवावीत तेव्हा चिमूटभर औषध मिळतं. रस्त्याकडेला, नळाजवळ, कुठेही उगवणारं झाड! पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते हेच. आपण त्याला पाणीसुद्धा आठवलं तर घालतो.

"बाई, मग पिशवीचं काय?" मी टाके पुसता पुसता विचारलं.

बाई गॅलरीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, आवाज न पाडता.

"आधीच्या इस्पितळात एकोणीस वर्षांचा मुलगा होता. जवळजवळ बरा झालेला. या रोगात एक औषध शिरेतून देतात आणि दुसरं पाठीच्या मणक्यातून, हे तुम्हाला सांगायला नको. पेशंटची खेप वाचावी म्हणून दोन्ही एकाच दिवशी. दोन सिरिंजा, एकच ट्रे. व्हिन्क्रिस्टीनची मी भरलेली. डोस बरोबर. 'फक्त शिरेतून' असं लेबल, तेही बरोबर. डॉक्टर रात्रपाळी करून आलेला. त्यानं ती पाठीत दिली."

मला पुढचं माहीत होतं. हे औषध पाठीतून गेलं तर उतारा नाही. 

"आधी पाय गेले. मग हात. मग श्वास. अकरा दिवस लागले, आणि बरेच दिवस तो शुद्धीवर होता, सिस्टर. आईशी बोलत होता. चौकशीत माझ्या नावापुढे लिहिलं, दोष नाही. डॉक्टर थकलेला होता, नर्स नवी होती, माझं लेबल बरोबर होतं. कुणाचाच फारसा दोष नाही आणि पोरगा गेला! तेव्हा कानाला खडा लावला. लेबल वाचावं लागतं, आणि दमलेला माणूस वाचत नाही. पिशवी वाचावी लागत नाही. पाठीत कुणी पिशवी टांगत नाही."

मला पटलं. पण पटणं वेगळं आणि आठवड्याला त्रेसष्ट मिनिटं स्टुलावर बसणं वेगळं. मी बसायची, पण मनातून कुरकुरत. आणि त्याच कुरकुरीनं पुढे माझा घात केला.

वॉर्डमध्ये एक मुलगी होती, सहा वर्षांची. वडील बस चालवायचे. तिला सगळे मिरची म्हणायचे, कारण तिला न विचारता कुणी सुई लावली तर ती वॉर्ड डोक्यावर घ्यायची. "आधी विचारायचं!" हा तिचा कायदा. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा तो लागू होता.

त्या गुरुवारी मिरचीची पिशवी चालू होती आणि माझ्या खिशातला फोन वाजला. घरचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडून चार दिवस झाले होते, आणि दुरुस्तीवाला फोन उचलत नव्हता. हा त्याचाच फोन. मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. दोन मिनिटं. फार तर तीन. परत आले तर मिरचीचा हात मनगटाशी सुजलेला आणि ती रडत होती.

"दुखतंय म्हणून ओरडले मी. कुणी नव्हतंच!"

मी पिशवी बंद केली. ज्युनिअर डॉक्टर धावत आला, म्हणाला, बर्फ आणा. मी बर्फाला पळणार एवढ्यात जिन्यातून बाई आल्या. कुणीतरी खाली फोन केला होता. धापा टाकत त्या दारातूनच ओरडल्या, "बर्फ नको! या औषधाला बर्फ नाही! गरम शेक द्या, शेक!" गुडघ्यांवर बसून त्यांनी स्वतः शेक धरला. मिरची हुंदके देत त्यांनाही तेच सांगत होती, कुणी नव्हतं, कुणी नव्हतं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हाताकडे पाहिलं.

फोड आला, फुटला. अंगठ्याएवढी जागा काळी पडली.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी बैठक घेतली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांचे चेहरे इस्त्री केलेले. मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हेत. त्यांच्या हातून बरी झालेली मुलं आता नोकऱ्या करतात. पण त्यांना आपलं कुणी खोडलेलं खपायचं नाही.

"हे पिशवीमुळे झालं," ते म्हणाले. "सिरिंज असती तर मिनिटात संपलं असतं. सिस्टर, तुम्ही जवळच होतात ना?"

"हो," मी म्हटलं.

एवढंच. एका अक्षराचं खोटं. वीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढे आली आणि जीभ उचलून टाळ्याला लागली. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांना खरं माहीत होतं. त्या बोलल्या नाहीत.

"तर आजपासून सिरिंज," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मी भरणार नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, पाठीतलं औषध पिवळं असतं, शिरेतलं पाण्यासारखं. आंधळ्यालाही कळेल."

"पाठीतली सगळी पिवळी नसतात. दोन पाण्यासारखीच असतात. तुम्हीच लिहून देता."

"वीस वर्षांत आपल्याकडे एकदाही असं झालेलं नाही!"

आणि मग बाईंचा आवाज चढला. असा की व्हरांड्यातला झाडूवाला थांबला. "तिथेही झालं नव्हतं! त्या दिवसापर्यंत तिथेही झालं नव्हतं! तुम्हाला कितवं पोर गेल्यावर पटणार आहे? एकात भागेल का?"

संध्याकाळपर्यंत बदलीचा कागद निघाला. बाई तळघरातल्या भांडारात, हातमोज्यांची खोकी रचायला. जाताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या वॉर्डमध्ये आल्या. मी पडद्यापलीकडे चादरी मोजत होते. मिरचीचे वडील खाटेशी बसले होते आणि त्यांच्या हातात ऑफिसनं दिलेला तक्रारीचा कागद होता. पिशवीमुळे मुलीला इजा झाली, खाली सही.

"मी ती पिशवीवाली," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच का? माझ्या पोरीच्या हातावर प्रयोग करता होय?" बसवाल्याचा आवाज फाटला होता. "सहा वर्षांचा हात आहे तो!"

"शिव्या द्या. पोटभर द्या, मी ऐकते. पण सही करायच्या आधी पाच मिनिटं द्या मला."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा मुलगा, ते अकरा दिवस. हेही सांगितलं की औषध सिरिंजमधूनही सांडू शकतं, आणि भाजलेला हात भरून येतो. माझं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. बसवाल्यानं दोनदा विचारलं, "पण मग सांडलं कसं? जवळ कोण होतं?" बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. ज्याला सांगायचं तो सांगेल."

मी चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. आकडा काही लागेना.

गुरुवारी मिरचीचं पाठीतलं औषधही होतं. ती टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर, नाक मुरडून पडली होती. बाईंच्या जागी आलेला माणूस सांगकाम्या होता. त्यानं सांगितल्याप्रमाणे ट्रे पाठवला. त्यात दोन सिरिंजा. दोन्हींत पाण्यासारखं औषध. दोन्हींवर छोट्या अक्षरांतलं लेबल. ज्युनिअर डॉक्टर सकाळपासून उपाशी होता. त्यानं सुई पाठीत लावली, हात मागे केला आणि मान न वळवता विचारलं, "सिस्टर, पाठीतलं कुठलं?"

त्यानं काही चूक केली नाही. विचारलं फक्त. पण न विचारणारा एखादा गुरुवार कधीतरी येणारच होता, आणि तो मी माझ्या एका 'हो'नं बोलावला होता. मी पाठीतली सिरिंज त्याच्या हातात दिली. दुसरी ट्रेमधून उचलली आणि खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

"सिस्टर! ती कुठे नेता?"

"पाठीतलं संपेपर्यंत ही आत येणार नाही," मी दाराबाहेरून म्हटलं. "आणि पुढच्या गुरुवारपासून सिरिंजच वॉर्डमध्ये येणार नाही. लिहून घ्या."

मग मी बसले आणि स्वतःच लिहिलं. पिशवी चालू असताना मी फोनवर बोलायला बाहेर गेले होते. बैठकीत मी खोटं बोलले. इजा पिशवीमुळे नाही, माझ्यामुळे झाली. खाली सही, तारीख. त्याखाली माझ्या चारही नर्सांनी लिहिलं की सात मिनिटं बसायला आम्ही तयार आहोत, सिरिंज घ्यायला नाही. तो कागद ऑफिसात देण्याआधी मी बसवाल्याला वाचून दाखवला. त्याच्यापुढे उभं राहणं सगळ्यांत कठीण गेलं.

त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, "फोन कुणाचा होता?"

"मशीन दुरुस्तीवाल्याचा."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं मारतो. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मला त्या बैठकीत बोलवा."

पुढच्या सोमवारी तो गणवेशातच आला आणि मोठ्या डॉक्टरांसमोर उभाच राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही. "साहेब, मी शिकलेला नाही. पण आमच्या पंपावर डिझेलची नळी जाड असते. ती पेट्रोलच्या टाकीत शिरतच नाही. का? तर ड्रायव्हर कधी पेंगतो, कधी घाईत असतो. गाडी बिघडू नये म्हणून लोकांनी एवढं केलंय. माझी पोर गाडीपेक्षा स्वस्त आहे का?"

 मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुमच्यावर कारवाई होईल, कळतंय ना?"

"झालीच पाहिजे," मी म्हटलं. "पण पिशवीवर नको."

माझ्या फाइलमध्ये लाल शेरा आला. अजून आहे. मी तो कुणालाही दाखवायला तयार आहे. पिशवी परत आली. बाईंना परत आणायला मात्र मोठ्या डॉक्टरांनी एक अट घातली. बैठकीत आवाज चढवल्याबद्दल त्यांनी लेखी माफी द्यावी, आणि ती माफी मी मिळवून आणावी. मी तळघरात गेले. बाई खोक्यांच्या भिंतीत स्टुलावर बसून डबा खात होत्या. मला वाटलं होतं त्या आभार मानतील, निदान हसतील.

"आठ दिवस लागले तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

"लागले," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"एक गुरुवार गेला मधे. देवानं सांभाळला." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी एक घास घेतला. माफीचा विषय काढल्यावर त्यांनी कागद मागितला आणि खोक्यावर ठेवून दोन ओळी लिहिल्या. मी न वाचता ऑफिसात नेऊन दिला, आणि तिथेही न वाचताच बदली रद्द झाली. वाचला असता तर नेला नसता.

गुरुवारी सकाळी बाई आपल्या खिडकीत होत्या. मिरचीची पिशवी त्या स्वतः वर घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. मी मिरचीला आधी विचारलं. तिनं दुसरा हात पुढे केला आणि पट्टी बांधलेल्या हातानं माझ्या ॲप्रनचं टोक धरून ठेवलं. फोन मी कपाटात कुलपात टाकला होता. पिशवी चालू होऊन तीन मिनिटं झाली असतील, तोच मोठे डॉक्टर हातात तो कागद नाचवत वॉर्डमध्ये शिरले.

"ही काय माफी आहे? ऐका! 'बैठकीत माझा आवाज चढला, याबद्दल दिलगीर आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा चढेल.' सिस्टर, हे तुम्ही आणून दिलंत? इकडे या आधी!"

मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली आणि मी उठले नाही, असं वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. आतासुद्धा गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. मी मिरचीच्या शिरेवर बोट ठेवलं आणि बसून राहिले.

"नाही येता येणार, डॉक्टर. चार मिनिटं आहेत अजून."

"सिस्टर!"

"श्श!" मिरची म्हणाली. "माझं औषध चाललंय."

मोठ्या डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. बाई तिथेच होत्या, हाताची घडी घालून, आणि बाजूला सरकायचं नाव काढत नव्हत्या. डॉक्टरांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि पिशवी रिकामी होईपर्यंत खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.